सामाईक संपत्ती आणि विभागलेला कारभार : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील प्रादेशिक नियोजनाचे परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत अभ्यासाचे एकक म्हणून शहर गृहीत धरलेले होते व त्या काळी ते योग्यच होते. शहर कोठे संपते आणि खेडे कोठे सुरू होते, हे तेव्हा जकातनाक्यावरून सांगता येत असे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या चार दशकांत कारखानदारी भोसरीवरून इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचली. या घडामोडींत शहर हे एकक अपुरे पडले. आज या पट्ट्यातील कामगार एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतो, महामंडळाच्या हद्दीत काम करतो, महानगरपालिकेच्या रुग्णालयात जातो. आणि तो जे पाणी पितो ते बहुधा तिसऱ्याच तालुक्यातील धरणातून आलेले असते.

अशा प्रदेशात पर्यावरण आणि सामाईक संपत्ती यांची व्यवस्था कोणी व कशी करावयाची, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे. सामाईक संपत्ती या शब्दाने येथे नदी, तिचे काठ, भूजल, गायरान, वनजमीन, ओढे-नाले व कचरा टाकण्याची जागा या सर्वांचा निर्देश अभिप्रेत आहे. कचऱ्याच्या जागेचा समावेश प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु जी गोष्ट सर्वांना लागते आणि आपल्या दारात कोणासच नको असते, तिचा भार वाटून घेणे हादेखील सामाईक व्यवस्थेचाच भाग होय. किंबहुना एखाद्या प्रदेशाची सामाईक वृत्ती लाभाच्या वाटणीपेक्षा भाराच्या वाटणीतच अधिक स्पष्टपणे दिसते.

२. संस्थांची वंशावळ

या पट्ट्यातील कारभारी संस्था एका योजनेतून निर्माण झालेल्या नाहीत. प्रत्येक संस्था आपापल्या वेळच्या निकडीतून जन्मली. आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि पिंपरी या गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली. कामगारांच्या निवासाचा प्रश्न सोडविण्यासाठी १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९९७ साली तिच्यात आणखी अठरा गावे आली. महानगरपालिकेचे क्षेत्र आज सुमारे १८१ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. नवनगर प्राधिकरण २०२१ साली विसर्जित होऊन त्याचा वारसा महानगरपालिका व महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटला गेला.

इंद्रायणीच्या उत्तरेस वेगळेच चित्र आहे. चाकण येथे २०१५ पर्यंत ग्रामपंचायत होती. त्या वर्षी नगरपरिषद झाली. सभोवतालची निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी ही गावे मात्र ग्रामपंचायतींच्याच कारभाराखाली राहिली. देशातील मोटार-उद्योगाच्या नकाशावर ज्यांची नावे ठळक आहेत, त्या गावांच्या सांडपाण्याची व घनकचऱ्याची जबाबदारी शेतसारा आणि घरपट्टी एवढ्याच अंदाजाने रचलेल्या संस्थेवर येऊन पडली. औद्योगिक क्षेत्रापुरता महामंडळ हाच नियोजनाचा अधिकारी. क्षेत्राच्या कुंपणाबाहेर जी वस्ती वाढते, ती त्याच्या जबाबदारीबाहेरची. परंतु ती वस्ती वाढते ती कुंपणाआतील उद्योगामुळेच, ही वस्तुस्थिती अधिकारकक्षेच्या कोणत्याही कलमात बसत नाही.

या सर्वांच्या वर २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच्या अधिकाराखालील प्रदेश जवळजवळ सात हजार चौरस किलोमीटरचा असून मुख्यमंत्री हे त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. म्हणजे प्रादेशिक एकीकरणाचा विचार झालाच नाही असे म्हणता येणार नाही. तो कोणत्या स्वरूपात झाला, हे पाहावयास हवे.

३. संविधानाने कल्पिलेली प्रादेशिक परिषद

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिने अनुच्छेद २४३ य-ङ अन्वये दहा लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. या समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यांतून निवडावयाचे असतात. विकास आराखड्याचा मसुदा तिने तयार करावयाचा आणि तो करताना नगरपालिका व पंचायती यांच्या समान हिताच्या बाबी, विशेषतः पाणी व अन्य नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी आणि पर्यावरणाचे जतन, लक्षात घ्यावयाच्या, असा त्या अनुच्छेदाचा आशय आहे. महाराष्ट्राने यासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

ही तरतूद बारकाईने वाचली असता तिच्यातील मूलगामी विचार ध्यानात येतो. गावाने शहराला पाणी द्यावयाचे की नाही, किती, कोणत्या मोबदल्यात, हे प्रश्न येथे प्रथमच एका टेबलाशी आणण्यात आले आहेत. त्याआधी हे प्रश्न एक तर मंत्रालयात सुटत किंवा रस्त्यावर. या दृष्टीने महानगर नियोजन समिती ही खरोखरीची प्रादेशिक परिषद होय आणि विकास प्राधिकरण हे तिचे कार्यकारी साधन व्हावयास पाहिजे होते.

व्यवहारात क्रम उलटा झाला. प्राधिकरणाने तयार केलेला प्रारूप विकास आराखडा २०२१ साली प्रसिद्ध झाला. समितीचा त्याच्याशी कोणत्या टप्प्यावर व किती संबंध यावा, हाच वादाचा विषय होऊन तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. अनेक वर्षांचे श्रम, हजारो नागरिकांच्या हरकती आणि सुनावण्या यांचे फलित असे की, प्रदेशाला आराखडा मिळाला नाही. तथापि आराखड्याच्या प्रतीक्षेत असलेल्या प्रदेशात बांधकामे मात्र थांबली नाहीत.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली, तिची या संदर्भात फारशी चर्चा झालेली दिसत नाही. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची व पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही संस्थांचा कारभार प्रशासकांकडे राहिला. ज्या निर्वाचित सदस्यांतून समिती निवडावयाची, ते सदस्यच नसतील, तर समितीचा लोकनियुक्त भाग कागदावर उरतो. प्रादेशिक परिषद ही स्थानिक संस्थांच्या खांद्यावर उभी असते. खांदेच काढून घेतले तर ती उभी राहणार नाही, हे सांगावयास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

परंतु समिती पूर्ण सामर्थ्याने चालली असती, तरी तिच्या रचनेतील एक दोष शिल्लक राहिला असता. नगरपालिकांतून किती व पंचायतींतून किती सदस्य यावयाचे, याचे प्रमाण लोकसंख्येवरून ठरते. मतदानाच्या न्यायाने हे रास्त आहे. तथापि पाणी, जंगल, डोंगर आणि गायरान ही संपत्ती जेथे लोकसंख्या विरळ आहे तेथेच अधिक असते. परिणामी जे संपत्तीचे राखणदार ते परिषदेत कायमचे अल्पमतात, आणि जे ग्राहक ते कायमचे बहुमतात. मावळातील एखाद्या खोऱ्याचे सगळे पाणी मागण्यासाठी शहरास खोऱ्याच्या संमतीची गरज नाही, केवळ शिरगणतीची आहे. लोकशाहीतील संख्येचा नियम आणि सामाईक संपत्तीतील हक्काचा नियम यांतील हा विरोध संविधानाच्या मसुद्यात सुटलेला नाही.

४. पवनेचे पाणी

या विरोधाची किंमत या प्रदेशाने मोजलेली आहे. मावळ तालुक्यातील पवना धरणात सुमारे साडेआठ अब्ज घनफूट पाणी साठते. धरणातून ते नदीच्या पात्रात सोडण्यात येते, रावेत येथील बंधाऱ्यावरून महानगरपालिका ते उचलते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध करते. धरण ते रावेत या अंतरात काठावरील शेतकरी उपसा करून बागायत करतात. २००८ च्या सुमारास केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानाखाली धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची योजना हाती घेण्यात आली. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे या योजनेविरुद्ध आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. योजना स्थगित झाली; ती स्थगिती २०२३ मध्ये उठविण्यात आली.

महानगरपालिकेचा युक्तिवाद पोकळ नव्हता. उघड्या पात्रातून पाणी आणताना गळती होते, बाष्पीभवन होते, वाटेतील सांडपाणी त्यात मिसळते व शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. बंद नळाने हे सारे टळते. शेतकऱ्यांचा युक्तिवादही तितकाच सरळ होता. पाणी पात्रातून वाहते तोवर त्यावर काठाचा हात आहे. ते नळात शिरले की काठाचा संबंध संपला. त्यातून ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक उलटूनही पूर्णतः मिटलेला नव्हता. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध जो सत्याग्रह झाला, त्याची आठवण या प्रदेशात पुसली गेलेली नाही, हेही विसरून चालत नाही.

येथे समीक्षकाचे लक्ष वेधणारी गोष्ट अशी की, दोन्ही पक्ष एकाच वस्तूचे दोन निरनिराळे गुण सांगत होते. शहराच्या दृष्टीने नदी ही पाणी वाहून नेणारी वाहिनी, आणि वाहिनी म्हणून ती सदोष. काठाच्या दृष्टीने नदी ही वस्तीचा आधार, आणि आधार म्हणून ती निर्दोष. अभियंत्याच्या हिशेबात ज्याला गळती म्हणतात, त्यातील काही भाग विहिरींत उतरतो आणि काही पिकात. ही गळती किती, ती कोणाच्या उपयोगी पडते, आणि ती बंद केल्यास त्यांना काय द्यावयाचे, हा हिशेब दोन्ही बाजूंनी मिळून मांडावयाचा होता. तो मांडण्यासाठी ज्या परिषदेची तरतूद संविधानात होती, तिच्यासमोर तो प्रश्न निर्णायक रीतीने आलाच नाही. राज्याने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला खरा. परंतु २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग व पिण्याचे पाणी यांतील वाटपाचा अंतिम निर्णय मंत्रिमंडळाच्या हाती गेला. निर्णयाची जागा जसजशी वर सरकते, तसतशी बाधिताला उरणारी जागा म्हणजे रस्ता.

शहराची गरजही काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला पाणीपुरवठा दिवसाआड करण्यात येऊ लागला, आणि तोही धरण भरलेल्या वर्षी. वाढत्या मागणीसाठी आंद्रा धरणातून दररोज १०० आणि भामा-आसखेड धरणातून १६७ दशलक्ष लिटर पाणी घेण्याच्या योजना आखण्यात आल्या. यांपैकी भामा-आसखेड खेड तालुक्यात आहे. म्हणजे चाकणच्या शेजारचे पाणी दक्षिणेस शहराकडे जावयाचे आणि चाकणची स्वतःची मागणी दरवर्षी वाढावयाची. दोन्ही मागण्या एकाच कागदावर मांडणारी संस्था समर्थ नसल्यास जो आधी अर्ज करील त्याचे पाणी, असा नियम अघोषितपणे रूढ होतो.

५. सीमेवरची नदी

इंद्रायणीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून ती देहूवरून येते. पुढे तळवडे, चिखली, मोशी ही तिच्या दक्षिण तीरावरील गावे महानगरपालिकेत. निघोजे, कुरुळी, चिंबळी ही उत्तर तीरावरील गावे खेड तालुक्यात. पुढे आळंदी येते. आंद्रा धरणाचे पाणी याच नदीतून येऊन निघोजे येथील बंधाऱ्यावरून उचलले जाते व चिखली येथे शुद्ध होते. म्हणजे पिण्याच्या पाण्यापुरते शहर वरच्या गावांवर अवलंबून. आणि सांडपाण्यापुरती आळंदी शहरावर अवलंबून.

नदी ही सीमा ठरली की ती दोन्ही बाजूंची पाठ होते. तोंड कोणाचेच तिच्याकडे राहत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ अन्वये आयुक्तांनी दरवर्षी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल ३१ जुलैपूर्वी महानगरपालिकेसमोर ठेवावयाचा असतो. तरतूद उत्तम आहे. परंतु तिच्या स्वरूपामुळे अहवालातील नदी हद्दीवर उगम पावते आणि हद्दीवर लुप्त होते. वरून काय आले आणि खाली काय गेले, या दोन आकड्यांची वजाबाकी हाच नदीविषयीच्या कोणत्याही अहवालाचा गाभा. तीच वजाबाकी पैलतीराच्या नोंदीविना अपुरी राहते. झाडाची गतही वेगळी नाही. अलीकडच्या तीरावरील वृक्षाला १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो, पलीकडच्या तीरावरील वृक्षाला १९६४ चा वृक्षतोडीच्या नियमनाचा. मुळ्या मात्र एकाच पाण्याकडे वळलेल्या असतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरविले. त्यांत महाराष्ट्राचे ५३, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. २०२२ च्या अहवालात देशाची संख्या ३११ वर आली, महाराष्ट्राची मात्र ५५ झाली. पवना आणि इंद्रायणी या नद्यांचा या याद्यांत समावेश आहे. अलीकडील वर्षांत कार्तिकी आणि आषाढीच्या सुमारास आळंदीच्या घाटावर पांढरा फेस पाहावयास मिळाला, तेव्हा तो कोणाचा, यावर वाद झाले. ज्या नदीने गाथा तारली अशी लोकांची श्रद्धा, त्या नदीचा फेस कोणाच्या नावावर मांडावा, हे ठरविणारी वही नसावी, यात प्रदेशाच्या कारभाराचे सार आले आहे.

काठाच्या जमिनीचीही तीच कथा. चिखली येथे निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले छत्तीस बंगले पाडण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि मे २०२५ मध्ये ते पाडण्यात आले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा. ती नकाशावर होती. तिच्या आत भूखंड विकले गेले, घरे बांधली गेली, कुटुंबे राहावयास आली, आणि मग कायदा आला. न्यायालयाचा निर्णय योग्य होता यात शंका नाही. परंतु जी व्यवस्था पायाभरणीच्या वेळी बोलत नाही आणि गृहप्रवेशानंतर बोलते, तिला नियमन म्हणावे की दंड, हा प्रश्न उरतोच. याच काळात नदीकाठ सुधारण्याच्या मोठ्या योजना आखल्या गेल्या. सुशोभीकरण हा शब्द त्यांत वारंवार येतो. शोभा ही काठाची असते, शुद्धता प्रवाहाची. पहिलीचे क्षेत्र महापालिकेच्या हद्दीत मावते, दुसरीचे मावत नाही, आणि कदाचित म्हणूनच पहिलीवर खर्च करणे सोपे जाते.

६. गायरान आणि कचरा

जमिनीच्या बाबतीत सामाईक संपत्तीचा ऱ्हास अधिक शांतपणे झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे गुरांच्या मोफत चराईसाठी व अन्य सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमीन राखून ठेवता येते. मालकी शासनाची, वहिवाट गावाची. गुरे कमी झाली, दुधाची गरज पिशवीतून भागू लागली, आणि गायरान हे रिकामी जमीन म्हणून ओळखले जाऊ लागले. कागदोपत्री जी रिकामी, ती कोणत्याही सार्वजनिक योजनेस सोयीची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने गायरानांच्या वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. निर्बंधाने जमीन वाचते. उपयोग वाचत नाही. चराई संपलेल्या गावाला त्या जमिनीचा नवा सामाईक उपयोग काय, मग तो पाणी मुरविण्याचा असो, वनराईचा असो वा कामगारांच्या मुलांच्या मैदानाचा, हे ठरविण्याची प्रक्रिया घडली नाही. उपयोगावाचून केवळ निर्बंधाने राखलेली जमीन फार दिवस राखली जात नाही.

कचऱ्याचा इतिहास हा हद्दीच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगा आहे. पिंपरी-चिंचवडचा कचरा १९९१ पासून मोशी येथे टाकला जाऊ लागला. मोशी महानगरपालिकेत आली १९९७ साली. आधी कचरा गेला, मागाहून हद्द गेली. पुढे शहर त्या डेपोच्या भोवती वाढले. १ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे कचऱ्यापासून १४ मेगावॉट वीजनिर्मितीच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दुसरी जागा म्हणून पुनावळे येथील वनजमीन राखीव ठेवण्यात आली होती. दरम्यान त्या भागात मोठी गृहसंकुले उभी राहिली, रहिवाशांनी विरोध केला आणि २०२३ च्या अखेरीस तो डेपो रद्द करण्याची घोषणा विधानसभेत झाली. वनजमीन वाचली, हे इष्टच. परंतु मोशीच्या लोकांनी तीस वर्षांत जो भार सोसला, त्याचा पर्याय विधानसभेच्या घोषणेतून निर्माण झाला नाही. ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या दारातून भार हलतो आणि ज्यांचा लहान त्यांच्या दारात तो स्थिरावतो, असे होऊ नये याचीच हमी प्रादेशिक परिषदेने द्यावयाची असते.

७. दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एवढ्या संस्था असणे हाच दोष आहे. सबंध पट्टा एका महानगरपालिकेत आणावा, अथवा चाकण परिसरास स्वतंत्र महानगरपालिका द्यावी. २०२५ मध्ये शासनाच्या पातळीवर ही दुसरी कल्पना मांडलीही गेली. या आक्षेपामागे जो विचार आहे तो गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ मधील प्रसिद्ध निबंधाशी नाते सांगतो. सामाईक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थाने उद्ध्वस्त होते, म्हणून ते एक तर खाजगी करावे किंवा एका सत्तेच्या स्वाधीन करावे, असा त्याचा आशय. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरातील उदाहरणांवरून दाखविले की तिसरा मार्ग आहे. उपभोग घेणारे स्वतः नियम करतात, एकमेकांवर देखरेख ठेवतात, चुकणाऱ्यास क्रमाक्रमाने दंड करतात. आणि संपत्ती मोठी असेल तेथे लहान संस्था मोठ्या संस्थेत एकात एक बसविल्या जातात. महाराष्ट्रास हे नवीन नाही. धुळे-नाशिक भागात पांझरेसारख्या नद्यांवरील फड पद्धतीत बंधारा, पाट व पाळी यांची व्यवस्था लाभधारकच पाहत आले आहेत, आणि टंचाईच्या वर्षी कोणता फड पडीक ठेवावयाचा हेही एकत्र बसून ठरवीत आले आहेत. टंचाई वाटून घेता येते, हा त्या पद्धतीचा धडा होय. हद्द वाढविल्याने हा धडा आपोआप साधत नाही. महापालिकेची हद्द कितीही वाढली, तरी ती लोणावळ्यापासून तुळापूरपर्यंत जाणार नाही. नदी मात्र जाते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. परिषदांत चर्चा होते, काम होत नाही. प्राधिकरण काम करते. या म्हणण्यात तथ्य आहे. रस्ते, पूल व जलवाहिन्या सभेच्या ठरावाने उभ्या राहत नाहीत. परंतु पवनेच्या जलवाहिनीचा अनुभव याच कसोटीवर पाहावा. चर्चा टाळून जे काम लवकर करावयाचे होते, ते बारा वर्षे स्थगित राहिले. प्रारूप आराखड्याचेही तेच झाले. संमतीत जाणारा वेळ वाचविल्याने एकूण वेळ वाचतो, हे गृहीतच या प्रदेशाच्या इतिहासात सिद्ध होत नाही.

८. उपसंहार

अन्य देशांत या प्रश्नाची जी उत्तरे शोधली गेली, त्यांतील एक समान सूत्र नोंदविण्याजोगे आहे. फ्रान्सने १९६४ च्या कायद्याने देशाची सहा जलखोऱ्यांत विभागणी करून प्रत्येक खोऱ्यास शासन, स्थानिक संस्था आणि पाणी वापरणारे यांची समिती दिली. न्यूझीलंडने १९८९ साली प्रादेशिक परिषदांच्या सीमा मुख्यतः पाणलोटांवरून आखल्या. दोन्ही ठिकाणी प्रश्न संपले असे नव्हे. परंतु मोजमापाचे एकक आणि संपत्तीचे एकक एकच करण्यात आले. पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यात नेमके हेच झालेले नाही.

या दृष्टीने महानगर नियोजन समितीचे मूल्यमापन करावयाचे तर चार कसोट्या लावाव्या लागतील. पहिली, तिचे अहवाल पवना, इंद्रायणी आणि भामा या खोऱ्यांनुसार तयार होतात काय. प्रत्येक संस्थेच्या हद्दीत पाणी कसे शिरले व कसे बाहेर पडले, याची नोंद त्यांत आहे काय. दुसरी, पाण्याच्या व जमिनीच्या प्रश्नांपुरते उगमाकडील गावांस संख्येपलीकडचे काही स्थान आहे काय. निदान त्यांची बाजू ऐकल्याविना ठराव होणार नाही, एवढी तरी हमी आहे काय. तिसरी, जे गाव पाणी देते अथवा कचरा सोसते, त्यास मिळणारा मोबदला एकदाच्या नुकसानभरपाईत संपतो, की उपभोग चालू असेपर्यंत चालू राहतो. चौथी, गायरान, ओढे, देवराया व झाडे यांची गावोगावची नोंद एका ठिकाणी पाहावयास मिळते काय. जैवविविधता कायद्याने २००२ पासून प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी अशी अपेक्षा केलेली आहेच. या वह्या खोऱ्याच्या क्रमाने एकत्र लावल्या, तर सामाईक संपत्तीचा पहिला प्रादेशिक दस्तऐवज नव्या कायद्यावाचून तयार होऊ शकेल.

यांतील एकाही कसोटीस मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढी मान्यता की, नदीच्या दोन तीरांचा हिशेब एकाच वहीत मांडावयाचा आहे. ती मान्यता मिळेपर्यंत प्रत्येक संस्था आपल्या हद्दीत कार्यक्षम आणि सबंध प्रदेश मात्र अकार्यक्षम, ही विसंगती राहणार. आणि तिचा भार, बऊरप्रमाणेच, अखेर ज्यांचे नाव कोणत्याही आराखड्यात नसते त्यांनाच वाहावा लागणार.